सीटा भंगारात देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही निपाणीकडचे, नोकरी बेळगावात, कोल्हापूर पासिंगची जुनी ईको, म्हणजे मारुतीची व्हॅन, घेतलीय आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बदामीत गाडीतच राहून क्लाइंबिंग करायचा बेत आहे. गादी कुठली घ्यावी, बॅटरी केवढी लागेल, रात्री थंडी किती पडते, असं सगळं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ : ‘मागच्या सीटा काढून गॅरेजवाल्यालाच देतोय, तेवढेच चार पैसे सुटतील.’

बाकीच्यांनी गादीबद्दल लिहिलंय. मी त्या शेवटच्या ओळीबद्दल लिहितो, कारण चार हंगामांपूर्वी अगदी तीच ओळ मी बायकोला ऐकवली होती.

आधीच सांगतो, मी वकील नाही, एजंट नाही. नियम बदलत असतात, प्रत्येक ऑफिसात त्यांचा अर्थ निराळा लावतात, आणि माझं प्रकरण माझ्याच आळसाने चिघळलं. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

माझी गाडी टाटाची विंगर व्हॅन. पांढरी पाटी, खासगी पासिंग, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरचा नंबर. मी राहणार बेळगावातल्या वडगावचा, पण गाडी घेतली ती महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मामांच्या पत्त्यावर. सीमाभागात हे काही नवं नाही, अर्ध्या गल्लीतल्या गाड्या कुणा ना कुणा मामाच्या पत्त्यावर असतात. बेळगावच्या उद्यमबागेत एका फॅब्रिकेटरकडे गाडी लावली. मागच्या सीटा निघाल्या, प्लायचा पलंग बसला, खाली दोर आणि गिअर ठेवायला खण, बाजूला ओटा. सीटा त्यालाच साडेसहा हजारांत दिल्या. त्या पैशांत पडदे आणि पंखा आला म्हणून मी खूश.

करायच्या आधी एका सरकारी खिडकीवर चौकशी केली होती, हे कबूल करतो. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘आतमध्ये काय करता ते तुमचं तुम्ही बघा की, बाहेरून बदलू नका.’ मी ते वाक्य वेदवाक्य समजलो. लेखी काही मागितलं नाही. तोंडी उत्तराला पुढे कुणी विचारत नाही, ही अक्कल नंतर आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बाहेरचं आणि आतलं असा भेद नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जी माहिती आहे तिच्याशी गाडी जुळली पाहिजे. आरसीवर नऊ सीटा आणि आत एक पलंग, हा फेरफार झाला.

पहिला हंगाम झकास गेला, म्हणूनच जास्त बिघडलं. दुसऱ्या हंगामात जानेवारीत मी एकटाच बेळगावाहून निघालो. दीडेकशे किलोमीटर अंतर, जेवून निघू म्हणत संध्याकाळ केली. यरगट्टीच्या पुढे अंधारात उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर आला आणि तो गेल्यावर पुढे नुसता ऊसच दिसला. माझा वेग कमी होता म्हणून मनगटावर निभावलं. गाडीचं तोंड मात्र गेलं.

इथे थोडं विषयांतर करतो. आपला क्लाइंबिंगचा हंगाम आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकच. नोव्हेंबर ते मार्च बेळगाव, गोकाक, रामदुर्ग, मुधोळ, कुठल्याही रस्त्यावर सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका. मी नियम म्हणून सांगतोय, सल्ला म्हणून नाही. वरून सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमा आणि माघ पौर्णिमा, त्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांची रीघ असते. पौष पौर्णिमेला बदामीजवळ बनशंकरीची जत्रा. तेव्हा तिथे व्हॅन लावायला जागा शोधण्यापेक्षा रूट चढणं सोपं. कॅलेंडर बघूनच बेत आखा.

तर, विम्याचा सर्व्हेयर आला. बॉनेट बघितलं, मग बाजूचं दार सरकवलं. पलंग, ओटा, सिलिंडर. एक शब्द बोलला नाही, फक्त फोटो काढत राहिला. तीन आठवड्यांनी पत्र आलं : वाहनाच्या रचनेत न कळवता बदल, क्लेम नामंजूर. धडक पुढून, बदल मागे, दोन्हींचा संबंध काय, हे मी फोनवर चार जणांना विचारलं. प्रत्येकाने मेल करा म्हणून सांगितलं. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. एक लाख बत्तीस हजार खिशातून गेले. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघायची आणि नंतर विमा लोकपालाकडे जायचं, असा रस्ता होता आणि त्याला फी नाही. पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. मी ‘बघू, बघू’ करत ते वर्ष घालवलं. हे मात्र कुणावर ढकलता येत नाही.

खरी गंमत याच्या पुढे. परराज्यातली गाडी एका राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, हे कलम ४७. मला एव्हाना कायद्याने वागायची हौस आली होती. कोल्हापूरकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, काढली, फॉर्म २८. इकडे बेळगावचा केए-२२ नंबर घ्यायला गाडी तपासणीला नेली. तिथल्या साहेबांनी आत डोकावून बघितलं आणि फक्त ‘इल्ल’, म्हणजे नाही, म्हणाले. नऊ सीटा कुठायत? मी म्हटलं, मग फेरफाराची नोंद करून घ्या. ते म्हणाले, फेरफार झाला तेव्हा गाडी महाराष्ट्राची होती, तिथून नोंद करून आणा. मी तिकडे गेलो. तिकडचे म्हणाले, एनओसी दिली, आता ही गाडी आमची नाही.

म्हणजे माझी गाडी ना इकडची ना तिकडची. सीमाभागातल्या माणसाला याची सवय असते, पण गाडीचं तसं होईल असं वाटलं नव्हतं.

एकूण अकरा खेपा. इकडे ‘नाळे बर्री’, तिकडे ‘उद्या या’. दोन राज्यांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्या बाबतीत बघितलेलं नाही. एनओसीचा सहा महिन्यांचा काटा फिरतोय आणि मी मधे. शेवटी एका म्हाताऱ्या एजंटाने चहा पिता पिता सांगितलं, ‘भांडू नकोस. सीटा होत्या तशा बसव, गाडी दाखव, नंबर घे, विषय संपव.’

सीटा! त्या साडेसहा हजारांत गेलेल्या. फॅब्रिकेटरने त्या कधीच एका वऱ्हाडाच्या गाडीला बसवल्या होत्या. मग भंगारवाले धुंडाळले, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर. पहिल्यांदा चौदा हजारांना एक सेट आणला तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, पायांची भोकं जुळेनात. दुसरा एकतीस हजारांना. बसवायला प्लाय उचकटला तेव्हा खालच्या पत्र्याला घाम धरून गंज चढलेला, ते वेल्डिंग आणि बेल्टसकट आणखी नऊ हजार. बेरीज तुम्हीच करा, आणि त्यातून साडेसहा वजा करायला विसरू नका. तो अख्खा हंगाम गेला. मित्र बदामीतून लाल भिंतींचे फोटो पाठवत होते आणि मी हुबळीत एका शेडमध्ये फूटपट्टी घेऊन सीटेचे पाय मोजत होतो.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो : पहिल्या हंगामात गाडीला एकही स्क्रू मारू नका. सीटा जागेवर ठेवा. ईकोत सीटांच्या वर सुटी फळी टाकता येते, दोन तुकड्यांची, खाली घडीचे पाय. दिवसा फळी उभी करून ठेवायची. पाठीला थोडी रग लागते, होय. पण ते सामान आहे, फेरफार नाही. मागच्या खिडकीला पडदा, दोन डबे, एक टब, बस्स. नेटवर ते दिव्यांच्या माळा आणि लाकडी छत दाखवतात ना, त्यातले किती जण आरसी दाखवतात तेवढं बघा. कायमचं करायचंच असेल तर मंजूर नमुन्यावर करणाऱ्याकडून करून घ्या, मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहायच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ म्हणून वेगळे निकष आहेत, आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. महाग पडतं. माझ्यापेक्षा स्वस्तच.

आता तुमचे मूळ प्रश्न, थोडक्यात. थंडीची काळजी सोडा, बदामीत पहाटे १५-१६ अंश, एक चादर आणि एक घोंगडी पुरते. त्रास दुपारच्या उन्हाचा आणि डासांचा. खिडक्यांना जाळी आधी, गादी नंतर. मोठा सिलिंडर गाडीत नको, पाच किलोचा छोटा घ्या आणि स्वयंपाक दार उघडं ठेवून किंवा बाहेरच करा. शेगडी पेटवून दार लावून झोपायचं नाही, हे सांगायला लागू नये. बॅटरीबद्दल वर एकाने चांगलं लिहिलंय, त्यात भर घालायला माझ्याकडे काही नाही.

माकडांबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही! बदामीची माकडं सरकतं दार उघडतात. दोन मिनिटांसाठी जरी गेलात तरी कुलूप. माझा अख्खा गोकाकचा करदंट गेलाय, डब्यासकट. करदंट जरूर न्या, डिंक, सुकामेवा, गूळ, भिंतीखाली बसून खायला त्याच्यासारखं काही नाही. जेवणाला कडक भाकरी घ्या. खानावळीत मिळते, कागदात गुंडाळली तर कितीतरी दिवस टिकते. शेंगाचटणी आणि दही असलं की चूल पेटवायलाच नको. प्यायचं पाणी गावोगावच्या नाणं टाकायच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रावरून.

गाडी रात्री लेण्यांच्या किंवा अगस्त्य तळ्याच्या बाजूला लावू नका. तो पुरातत्त्व खात्याचा भाग, आणि आपल्यातल्या एकाने तिथे चूल मांडली की सगळ्यांचं क्लाइंबिंग बंद होईल. एखाद्या लॉजवाल्याला रोजचे थोडे पैसे देऊन आवारात लावा, अंघोळीचीही सोय होते. आणि अवकाळी पाऊस पडला तर दोन-तीन दिवस भिंतीला हात लावू नका. आपण सह्याद्रीच्या कातळावर वाढलेलो, ओला झाला तर निसरडा होतो एवढंच आपल्याला ठाऊक. बदामीचा वालुकाश्म पाणी पितो आणि आतून कमजोर होतो, धरायचे होल्ड तुटून हातात येतात. तेवढ्या दिवसांत गोकाकचा धबधबा बघून या, हिवाळ्यात पाणी कमी असतं पण ५२ मीटरचा कडा नीट दिसतो.

हे दोन-तीन महिने एकाच जागी राहणार असाल तर सरळ खोली घ्या, असं मला वाटतं. गाडीचा उपयोग बदामी, हंपी, परत सह्याद्री असं फिरणार असाल तर. पण तुम्ही गाडी घेऊन बसलाय, त्यामुळे आता हे बोलण्यात अर्थ नाही.

गॅरेजवाल्याला आजच फोन करा. सीटा अजून त्याच्याकडेच असतील तर उचलून आणा, नटबोल्ट आणि बेल्टसकट, बोल्ट वेगळ्या डबीत. घरी जागा नसेल तर वडगावात आमच्या मागाच्या खोलीत एक कोपरा रिकामा आहे, तपासणी होईपर्यंत ठेवा. तिथे त्या चुकीच्या मॉडेलच्या सीटा अजून पडून आहेत. आई त्यांच्यावर सांडगे वाळवते.