बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांचं छान चाललंय, मग मी काय सांगू?

"ग्रुप सोडू का, एवढंच सांगा," असं म्हणत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं अलीकडे वाढली आहेत. बहुतेक चाळिशी-पन्नाशीतली. पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावा ठरतो, कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, पहिला आठवडा धमाल जातो आणि मग काहींची झोप उडते. त्यातल्याच एकांचा हा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

हे गृहस्थ मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेले. पुढे चिंचवडला एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये वीसेक वर्षं नोकरी. कंपनीने प्लांट हलवला आणि शेहेचाळिसाव्या वर्षी हे घरी बसले. बायकोचे डबे आधीपासून चांगले चालत होते. आता हिशेब आणि डबे पोचवणं हे बघतात. पैशाची फार ओढाताण नाही. पण ग्रुपवर कुणी "सध्या कुठे असतोस रे?" विचारलं, की उत्तर टाइप करायचं आणि खोडायचं. हिंजवडीचे डबे तर त्यांनी दुसऱ्या पोराकडे सोपवले होते, कारण बॅचमधला एक जण तिथे मॅनेजर आहे.

पहिल्या भेटीत ते स्वतःबद्दल जेमतेम बोलले. बोलले ते कॉलेजबद्दल. केमिस्ट्रीचे सर रिटायर झाले ती जागा भरलीच नाही, तासिका तत्त्वावरची पोरं शिकवतात, लॅबमधल्या ब्युरेटच्या, म्हणजे मापाच्या काचेच्या नळ्यांच्या, तोट्या गळतात. ग्रुपवर रात्री दीड वाजता त्यांची लांबलचक पोस्ट पडायची: 'आपलं कॉलेज मरतंय आणि तुम्ही गुड मॉर्निंग पाठवताय.' त्यावर दोन अंगठे यायचे आणि लगेच कुणाच्या तरी लेकीचा अमेरिकेतल्या विद्यापीठाबाहेरचा फोटो. हे आणखी चिडायचे.

"कॉलेजवरचा राग म्हणजे खरं तर स्वतःवरचाच," असं म्हणून मोकळं होण्याची आमच्या पेशात फार सोय आहे. मला ते पटत नाही. अनुदानित कॉलेजांतल्या रिकाम्या जागा महाराष्ट्रात काही कुणापासून लपलेल्या नाहीत. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांना तासावर मानधन मिळतं, तेही अनेकदा महिनोन्महिने रखडतं. त्यांची काळजी खरी होती. फक्त तिच्या आडोशाला दुसरी एक बसली होती, आणि दोन्हींवरचे इलाज वेगळे होते.

आधी त्या दुसरीकडे वळलो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशी ताडून बघतो. अंबानींच्या घरामुळे आपली झोप उडत नाही. ज्याने आपलं जर्नल उतरवून काढलं, त्याच्या फ्लॅटमुळे उडते. हे सांगितल्यावर ते हसून म्हणाले, "कळतं हो मॅडम, पण वळत नाही." मग मी एक काम दिलं. गेल्या तीन महिन्यांत ग्रुपवर स्वतःची खबर कुणी दिली आणि कुणी नाही, ती नावं वहीत लिहायची. ग्रुपवर शंभरावर माणसं. खबर देणारी पंधराच्या आत निघाली. मग त्या गप्प यादीतल्या एकाला, हॉस्टेलच्या रूम पार्टनरला, फोन करायचा. ग्रुपवर काही जाहीर करायचं नाही.

त्या मित्राचं कापडाचं दुकान कोविडमध्ये बसलं होतं. तोही टाइप करून खोडणाऱ्यांतलाच. डब्यांचं ऐकल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर "भाज्या कोणत्या असतात?"

आता ग्रुप सोडायचा का? खुशाल सोडा, पण मग बायकोच्या नाहीतर मित्राच्या फोनवर चोरून वाचणार असाल तर त्यापेक्षा म्यूट बरा. रात्री तर नकोच. झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर प्रश्न ग्रुपचा राहत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मोफत, मराठीतून बोलता येतं.

राहिली कॉलेजची काळजी. रात्रीच्या पोस्टने जागा भरत नाही. त्यासाठी शासनाची मान्यता लागते आणि संस्थेला जाहिरात द्यावी लागते. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यावर किमान एक माजी विद्यार्थी घ्यावा लागतो. हे ग्रुपवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघांनी मिळून प्राचार्यांना पत्र दिलं: मंजूर पदं किती, भरलेली किती, समितीवर माजी विद्यार्थी कोण? उत्तर येईना, तेव्हा माहिती अधिकारात अर्ज केला. अनुदानित कॉलेजाला तो लागू होतो. मग कळलं की केमिस्ट्रीची दोन पदं रिकामी आहेत आणि समितीवरचे माजी विद्यार्थी संस्थाचालकांचे भाचे आहेत.

मध्यंतरी बॅचतर्फे लॅबला नव्या ब्युरेट द्यायची टूम निघाली. यांनी विरोध केला. "ब्युरेट येतील, टायट्रेशन शिकवणार कोण? आधी पदांसाठी सगळ्यांच्या सह्या घेऊ," असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. भर दुपारी, दोन ओळींत. निम्मे त्यांच्या बाजूने आहेत, निम्मे म्हणतात देणगीत राजकारण कशाला. वाद अजून मिटलेला नाही.