माळ्यावरची डबी

प्रश्न : वेंगुर्ल्याचं घर शाकारताना माळ्यावर ‘बीचम्स पिल्स’ची लाकडी डबी मिळाली. ‘एका गिनीच्या मोलाची’ असं वर छापलंय. आत काय असायचं? – एक वाचक

उत्तर : आधी एक करा, डबी धुऊ नका. लेबल गेलं की गंमत गेली.

टॉमस बीचम पोरवयात मेंढ्या राखायचा, तिथंच त्याला झाडपाल्याचा नाद लागला. पुढं तो गोळ्या विकू लागला. गिनी म्हणजे 21 शिलिंग. डबी मिळायची 1 शिलिंग दीड पेनीला, त्यातला दीड पेनी सरकारी स्टँपाचा. 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं गोळ्यांची तपासणी छापली. निघालं काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण! 56 गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या हिश्श्याचा.

काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस. माझी आजी रत्नागिरीला तो सहाणेवर उगाळून मुक्या मारावर लावायची. बोटं तपकिरी व्हायची, आणि चुकून जिभेला लागला तर जेवणाची वाट! पोटात गेला की कडक रेच. म्हणजे गोळीनं पोट साफ होत असणार. जाहिरातीतल्या बाकी रोगांचं सोडा.

माळ्यावर ‘क्लोरोडाइन’ची बाटली निघाली तर मात्र पोरांच्या हाती देऊ नका. हिंदुस्थानातल्या फौजेतले डॉक्टर कॉलिस ब्राउन यांनी ते पटकीवर काढलं होतं. त्यात अफू, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे.