युद्धाचे कायदे, वडिलांची ड्यूटी आणि मेडिकलच्या पिशव्या

तुमचा प्रश्न असा आहे : "युद्धात माणसं मारायचीच असतात, मग युद्धाचे कायदे पाळतो कोण? आणि रेड क्रॉसवाले हे कायदे कॉलेजात शिकवत फिरतात, त्याचा कोल्हापूरसारख्या ठिकाणी काय उपयोग?"

मी वकील नाही. पॉलिटेक्निकात शिकवायचो, आता रिटायर आहे. गेली वीसेक वर्षं रेड क्रॉसचा स्वयंसेवक म्हणून प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. बँडेज, सीपीआर, साप चावल्यावर काय करू नये, हे झालं की शेवटचा अर्धा तास जिनिव्हा करारांवर, म्हणजे युद्धातल्या जखमींना, कैद्यांना आणि सामान्य माणसांना कसं वागवायचं याच्या आंतरराष्ट्रीय करारांवर, बोलतो. तुमचा प्रश्न दर बॅचला येतो, बहुतेक मागच्या बाकावरून.

पाळतो कोण? माझे वडील पाळायचे.

शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव. वडील फौजेत शिपाई. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानचे सुमारे ९३,००० लोक आपल्या ताब्यात आले आणि ठिकठिकाणी छावण्या उघडल्या. वडिलांच्या तुकडीला जबलपूरच्या छावणीवर पहाऱ्याची ड्यूटी लागली. तिथली एकच तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो : "त्येंनला पक्क्या बराकी आन् आमाला तंबू. मग जिंकलं कोन म्हनायचं?"

पुढे कधीतरी मी तिसरा, युद्धकैद्यांबद्दलचा जिनिव्हा करार वाचायला घेतला आणि पंचविसाव्या कलमाशी थांबलो. कैद्यांना ताब्यात घेणाऱ्या देशाच्या सैनिकांची त्याच भागात राहायची जी सोय असेल, तिच्यापेक्षा कैद्यांची सोय निकृष्ट असता कामा नये, असं ते कलम. बराक रिकामी करून द्या असं काही त्यात नाही. तेवढं आपल्या लोकांनी पदरचं केलेलं. वडिलांना कलम-बिलम ठाऊक नव्हतं. सुभेदारसाहेबांनी फॉलिनमध्ये, सगळ्यांना रांगेत उभं करून, हुकूम वाचून दाखवला, विषय संपला.

पत्रांचंही तसंच. कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यायची. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत एक कार्ड भरून घ्यायचं, म्हणजे माणूस जिवंत आहे हे घरी कळतं. रेड क्रॉसचे प्रतिनिधी आले की त्यांना कैद्यांशी एकट्यात बोलू द्यायचं, पहारेकऱ्यानं बाजूला उभं राहायचं नाही. वडिलांच्या बराकीत एक कैदी होता, त्याला लिहिता येत नव्हतं. शेजारचा त्याला लिहून द्यायचा आणि हा मोठ्यानं मजकूर सांगायचा. दरवेळी पहिला प्रश्न एकच, म्हैस व्याली का. वडील सांगायचे, "म्या बी घरला तेच इचारायचो."

म्हणजे 'युद्धाचा कायदा' म्हटलं की डोळ्यांसमोर मोठं न्यायालय आणि काळे डगलेवाले येतात, पण त्यातला बराचसा भाग असल्या किरकोळ घरगुती बाबींचा आहे. कुणाला कुठं झोपवायचं, कार्ड कधी भरायचं, जखमीला कुणी उचलायचं. आपल्याकडे शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आहे ना, तेही मला याच जातीचं वाटतं. (कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगत नाही, ती सगळ्यांना पाठ असते. हे पत्र मात्र अस्सल कागद आहे.) रयतेचं दाणे, गवत, भाजी उचलू नका, नाहीतर लोक म्हणतील मोगल बरे, हे तर त्यात आहेच. पण पुढे रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत सूचना आहेत. पत्र आपल्याच मुलखातल्या रयतेबद्दल आहे, शत्रूच्या नव्हे. म्हणून 'जिनिव्हाच्या आधी आमच्याकडे सगळं होतं' असं मी वर्गात म्हणत नाही. पण सैन्याला आवर घालायचा तर उंदरापर्यंत विचार करावा लागतो, हे ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं.

आता मोडतो कोण? सगळेच, कमीजास्त. १९९९ चा मे महिना बघा. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत यांचं मिग-२७ कारगिलवर बंद पडलं, ते पाकिस्तानच्या हाती लागले. जवानांनी मारहाण सुरू केली, तेव्हा एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं येऊन ती थांबवली, असं त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलंय. आठवडाभरात ते रेड क्रॉसच्या हवाली झाले आणि घरी आले. त्याच महिन्यात, त्याच सैन्याच्या हाती कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान लागले. त्यांचे मृतदेह कोणत्या अवस्थेत परत आले ते इथे लिहित नाही. करार तोच होता. एका ठिकाणी तो ठाऊक असलेला आणि हुकूम चालवणारा माणूस वेळेवर पोचला, दुसरीकडे तसा कुणी नव्हता, किंवा होता आणि गप्प बसला. आपणही पैकीच्या पैकी गुण घ्यायला नकोत. लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडा, असं करार सांगतो. १९७१ चे शेवटचे कैदी परत गेले एप्रिल १९७४ मध्ये. राजकारणाची कारणं होती, पण त्या म्हशीवाल्याला त्याचं काय.

कॉलेजात का शिकवता, याचं कोरडं उत्तर आधी देतो. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत एक कलम आहे, की सही करणाऱ्या देशांनी हे करार शांततेच्या काळातही सैन्यात आणि जनतेत पोचवायचे. गोळी सुटल्यावर कोण पुस्तक उघडणार? हे करार लागू करायला भारतानं १९६० साली स्वतंत्र कायदाही केला.

आणि कोल्हापूरचा संबंध? महावीर गार्डनमधला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ बघितलाय का? दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेली पोलिश माणसं, बहुतेक बायका-पोरं, इराणमार्गे इथं आली. १९४३ ते ४८ वळिवड्याच्या कँपात जवळपास पाच हजार जण राहिले. ते गेल्यावर फाळणीनं उठलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली. आज आपण गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ती जागा ही. म्हणजे युद्ध लांबचं असलं तरी त्यातली माणसं आपल्या दारात येतात.

दुसरं उदाहरण माझ्या अंगावरचं. ऑगस्ट २०१९ चा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. शिरोळकडची गावं बेटं झालेली. पाणी ओसरू लागल्यावर मदतीचे ट्रक राज्यभरातून आले, पण मुख्य रस्त्यावरच्या घरात बिस्किटांचे दहा-दहा बॉक्स आणि मागच्या गल्लीत प्यायला पाणी नाही. आम्ही यादी केली : आधी बाळंतीण, मग तान्ही मुलं, इन्सुलिनवाले, एकटे म्हातारे. गावात दोन पॅनेल. एकाचे पुढारी आले, म्हणाले, "ट्रॅक्टर आमचा आहे, वाटप आमच्या गल्लीपासनं." ट्रॅक्टरची गरज तर होती. मी त्यांना म्हटलं, साहेब, ट्रॅक्टरवर तुमचा झेंडा दिसला तर पलीकडची गल्ली मला आत घेणार नाही, आणि तिथं एका म्हातारीचं इन्सुलिन संपलंय. खूप बोलणं खाल्लं. 'तुम्ही कुणाचेच नाही' हेही ऐकलं. शेवटी झेंडा उतरला. रेड क्रॉसच्या तत्त्वांमध्ये तटस्थता म्हणतात ती ही. रेड क्रॉसवाले शत्रूला मदत करतात म्हणून जे ओरडतात, त्यांना मी या दोन गल्ल्यांची गोष्ट सांगतो. तटस्थ राहून मान मिळत नाही, फक्त दोन्हीकडे आत जायला मिळतं.

आणि तो आत जाण्याचा परवाना म्हणजे लाल क्रॉस. पांढऱ्यावर लाल, स्विस झेंड्याचे रंग उलटे केलेले. लढाईत ते चिन्ह सैन्याची वैद्यकीय पथकं आणि रेड क्रॉसची माणसं वापरतात, 'यावर गोळी झाडायची नाही' एवढाच त्याचा अर्थ. ते दवाखान्याचं चिन्ह नाही, डॉक्टरांच्या गाडीचं नाही, मेडिकलचं तर नाहीच. १९६० च्या त्या कायद्यात सरकारच्या परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. तरी कोल्हापुरात एक चक्कर मारा आणि मोजा.

मी मोजले, आणि मग आमच्याच रस्त्यावरच्या मेडिकलवाल्याकडे गेलो. बोर्डावर हातभर लाल क्रॉस.

"दादा, हा हिरवा करून घ्या की."

"का? लाल लांबनं दिसतोय."

कायदा सांगितला. त्यांनी पहिलं विचारलं, दंड किती. पाचशे रुपयांपर्यंत, म्हटलं. ते हसले. "सर, बोर्ड रंगवायलाच दोन हजार लागत्यात."

मला उत्तर सुचलं नाही. तिथल्या स्टुलावर बसून वडिलांच्या छावणीचं सांगितलं, नचिकेतांचं सांगितलं. मधे गिऱ्हाईक येत होतं, ते गोळ्या देत ऐकत होते. त्यांचा भाचा फौजेत नर्सिंग असिस्टंट आहे हे मला ठाऊक नव्हतं. "म्हंजे त्याच्या हातावर पट्टी असत्या ती हीच?" एवढंच विचारलं त्यांनी.

पुढच्या पावसाळ्यात बोर्डाचं फ्लेक्स फाटलं, नवीन लावलं ते हिरव्या क्रॉसचं. कॅरीबॅग मात्र अजून लाल क्रॉसच्याच आहेत. पाच हजार छापून घेतल्यात, संपल्या की बघू, म्हणतात. दोन वर्षं झाली. मी बीपीच्या गोळ्या त्यांच्याकडूनच घेतो, घरून कापडी पिशवी नेतो.