धूर वेगळा, कोंडी वेगळी : वाचकांचे प्रश्न

लंडनचा कंजेशन चार्ज, म्हणजे कोंडीचं शुल्क, २ जानेवारी २०२६पासून १८ पाउंड झाला. त्याआधी २९ ऑक्टोबर २०२५ला ऑक्सफर्डमध्ये कोंडीसाठीच पाच पाउंडांची नवी आकारणी सुरू झाली होती. ब्रिटनमधल्या वाचकांची पत्रं तेव्हापासून वाढली आहेत, आणि बहुतेक पत्रांत एकच गल्लत दिसते. धुरासाठी घेतले जाणारे पैसे (लंडनमध्ये युलेझ, म्हणजे अल्ट्रा लो एमिशन झोन; इतर शहरांत क्लीन एअर झोन), कोंडीसाठी घेतले जाणारे पैसे आणि रस्त्यात केलेले बदल या तीन गोष्टींचे कायदे वेगळे, नियम वेगळे आणि दाद मागण्याची जागाही वेगळी. कोणत्या पत्रात यांपैकी कशाचा प्रश्न आहे, हे आधी पाहून उत्तरं दिली आहेत.

माझी डिझेल गाडी २०१४ची आहे, तिला युलेझमध्ये रोज १२.५० पाउंड पडतात. शेजाऱ्यांची २००६ची पेट्रोल गाडी मात्र फुकट फिरते. हा कुठला न्याय? गॅरेजवाला म्हणतो, फिल्टर बसवून देतो, मग पैसे लागणार नाहीत. (हॅरो)

युलेझ गाडीचं वय बघत नाही, नायट्रोजन ऑक्साइड बघतं. धुराच्या मर्यादांच्या युरोपीय श्रेणींना युरो-४, युरो-५, युरो-६ म्हणतात. युरो-४ पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅमची मर्यादा होती. युरो-५ डिझेलला ०.१८ ग्रॅम चालत होते. डिझेल ०.०८वर आलं ते युरो-६मध्ये. म्हणजे तुमची गाडी शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा आठ वर्षांनी नवी असली, तरी तिला दुपटीहून जास्त सोडायची मुभा होती. पेट्रोलला २००६ आणि डिझेलला सप्टेंबर २०१५ या तारखा सगळीकडे सांगितल्या जातात, पण त्या ढोबळ आहेत. काही कंपन्यांनी युरो-६ डिझेल आधीच बाजारात आणलं होतं, तर युरो-५चा उरलेला साठा नंतरही विकला गेला.

म्हणून आधी टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर नंबर टाकून पाहा. तिथे ‘पैसे लागतील’ असं आलं, तरी गाडीचं लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, काढा आणि व्ही.३ ही ओळ शोधा. तिथे ०.०८ किंवा त्याहून कमी आकडा छापलेला असेल, तर त्या पानाची प्रत टीएफएलला पाठवा, नोंद दुरुस्त होते. ओळ कोरी असेल तर गाडीच्या कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी, म्हणजे गाडी कोणत्या मर्यादेत बसते याचा दाखला, मागवा. बाहेरून आयात केलेल्या आणि जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत हा खटाटोप बऱ्याचदा फळाला येतो. २०१४च्या डिझेलची शक्यता कमी, पण लॉगबुक पाहायला पैसे पडत नाहीत.

गॅरेजवाल्याच्या फिल्टरवर मात्र पैसे घालू नका. तो काजळी पकडतो, नायट्रोजन ऑक्साइड पकडत नाही. तुमची अडचण दुसऱ्या वायूची आहे.

आता हिशेब. आठवड्यातून एकदाच गाडी काढत असाल तर वर्षाला ६५० पाउंड होतात. रोज कामाला नेत असाल तर २४० दिवसांचे ३,००० पाउंड. पहिल्या बाबतीत घाईने गाडी विकण्यात शहाणपण नाही. दुसऱ्या बाबतीत जुनी युरो-४ पेट्रोल गाडी वर्षभरात स्वतःची किंमत वसूल करते. जुनी गाडी भंगारात देऊन टीएफएलकडून पैसे घेण्याची योजना सप्टेंबर २०२४मध्ये बंद झाली, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. गाडी घराबाहेर नुसती उभी असेल, तर त्या दिवसाचे पैसे लागत नाहीत.

आई-बाबांना आणायला हीथ्रोला जायचं आहे. विमान रात्री अकराला उतरतं. आम्ही लंडनबाहेर राहतो, मग युलेझचा संबंध येतो का? (स्लाउ)

येतो. हीथ्रो हिलिंग्डन बरोमध्ये (बरो म्हणजे लंडनचा प्रशासकीय विभाग) आहे आणि २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनचे सगळे बरो युलेझमध्ये आहेत. एम-ट्वेंटीफाइव्ह हा लंडनभोवतीचा महामार्ग वगळलेला आहे, पण तो सोडून विमानतळाकडे वळलात की हद्द सुरू. गाडी नियमात बसत असेल तर चिंता नाही. बसत नसेल तर तुमच्या बाबतीत घोळ मध्यरात्रीचा आहे. आकारणीचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असतो. साडेदहाला आत शिरलात आणि सामान, इमिग्रेशन उरकून साडेबाराला बाहेर पडलात, तर दोन दिवसांचे पैसे, २५ पाउंड. ते ९० दिवस आधीपासून भरता येतात, आणि प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत असते. चुकलात तर दंड १८० पाउंड, १४ दिवसांत भरल्यास ९०.

टीएफएलचं ऑटो पे खातं उघडून ठेवणं सगळ्यांत सोपं. कॅमेऱ्याने गाडी पाहिली त्याच दिवसाचे पैसे जातात. पैसे भरायला सर्च करून पहिल्या दिसेल त्या वेबसाइटवर जाऊ नका. मध्यस्थ वेबसाइट वरकड शुल्क लावतात. टर्मिनलसमोर सोडण्याचं ड्रॉप-ऑफ शुल्क याहून वेगळं आहे, ते टीएफएलकडे जात नाही. आणायला गेल्यावर त्या जागेत थांबू नका, शॉर्ट-स्टे पार्किंगमध्येच जा.

पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम दाखवायला गाडीने नेणार असाल, तर मध्य लंडनचा कंजेशन चार्जही लागेल. सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सहा, शनिवार-रविवारी दुपारी बारा ते सहा. नियमात न बसणाऱ्या गाडीला दोन्ही मिळून ३०.५० पाउंड. विजेच्या गाड्यांची पूर्ण माफीही संपली आहे, आता ऑटो पे असेल तर २५ टक्के सवलत, म्हणजे १३.५० पाउंड. ट्यूबने न्या.

क्लीन एअर झोनचे आठ पाउंड भरले होते, पावतीही आहे. तरी नोटीस आली. भरून टाकू की भांडू? (बर्मिंगहॅम)

भांडण्याआधी पावती नीट वाचा. अशा नोटिसांमागे नेहमीची तीन कारणं असतात. पहिलं, नंबर चुकीचा. ब्रिटिश नंबरात सध्याच्या पद्धतीत आधी दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग तीन अक्षरं असतात. पहिल्या दोन जागांवर ‘ओ’ असेल तर ते अक्षरच आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या जागेवर असेल ते शून्यच. लोक नेमके इथे अडकतात. दुसरं, तारीख चुकीची, विशेषतः मध्यरात्र ओलांडली असेल तर. तिसरं, शहर चुकीचं. लंडनबाहेरच्या इंग्लंडमधल्या झोनचे पैसे सरकारच्या एकाच वेबसाइटवर भरतात आणि शहर आपण निवडायचं असतं. बर्मिंगहॅमऐवजी ब्रिस्टल निवडलं तरी पैसे जातात आणि पावतीही येते. (लंडनचे पैसे तिथे भरताच येत नाहीत, ते टीएफएलकडे.)

बर्मिंगहॅमची मुदतही लंडनपेक्षा वेगळी आहे, प्रवासाच्या सहा दिवस आधीपासून सहा दिवस नंतरपर्यंत. सातव्या दिवशी भरले तर ते पैसे त्या प्रवासाला लागू होत नाहीत. दंड १२० पाउंड, १४ दिवसांत ६०, आणि वर मूळचे आठ पाउंड द्यावे लागतात ते वेगळे.

चूक एका अक्षराची असेल तर २८ दिवसांच्या आत लेखी निवेदन द्या. पावती, बँकेची नोंद आणि लॉगबुकची प्रत जोडा. ‘पैसे त्याच दिवसासाठी, याच गाडीसाठी भरले होते’ एवढं एका वाक्यात लिहा, बाकी कैफियत नको. काउन्सिलने फेटाळलं तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जाता येतं, तिथे फी नाही. मात्र एकदा ६० पाउंड भरले की प्रकरण मिटलं असं धरलं जातं, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम करू नका. भाड्याची गाडी असेल तर नोटीस आधी गाडीच्या कंपनीकडे जाते आणि ती स्वतःचं प्रशासकीय शुल्क लावते, ते ट्रायब्युनल परत मिळवून देत नाही.

शेवटी एक. झोन ए-४५४० मिडलवे या रिंगरोडच्या आतला आहे, खुद्द मिडलवेवर पैसे नाहीत. पण ए-३८च्या बोगद्यांतून शहर नुसतं पार केलंत तरी पडतात. सॅट-नॅव्ह तिथूनच नेतो.

ईस्ट ऑक्सफर्डच्या गल्ल्या आधीच बंद केल्या, आता पाच पाउंड. उद्या एका भागातून दुसऱ्या भागात जायला परवाना लागणार, असे मेसेज फिरताहेत. आक्षेप कुठे नोंदवायचा? (ऑक्सफर्ड)

मेसेज चुकीचा आहे, पण तक्रार चुकीची नाही. दोन्ही वेगळ्या करू.

पाच पाउंडांची आकारणी सहा ठिकाणी आहे : हाइथ ब्रिज स्ट्रीट, थेम्स स्ट्रीट, सेंट क्रॉस रोड, सेंट क्लेमेंट्स, मार्स्टन फेरी रोड आणि हॉलो वे. ती फक्त मोटारींना आहे. व्हॅन, बस, टॅक्सी, मोटरसायकल यांना नाही. मार्स्टन फेरी रोड आणि हॉलो वे इथे ती सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती आहे. रिंगरोडने फिरून गेलात तर शहराचा कोणताही भाग पैसे न देता गाठता येतो, फक्त अंतर वाढतं. कोणी कुणाला कोंडत नाही. ऑक्सफर्डच्या रहिवाशांना वर्षात १०० दिवसांचा मोफत परवाना मिळतो. तो आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. ही तात्पुरती सोय आहे : रेल्वे पुलाच्या कामासाठी एप्रिल २०२३पासून बंद असलेला बॉटली रोड खुला झाला की याच सहा जागी ‘ट्रॅफिक फिल्टर’ प्रायोगिक तत्त्वावर यायचे आहेत. तिथे पैसे देऊन जाण्याची सोय नसेल. परवाना नसेल तर दंड, पण तो त्या सहा जागांपुरता, एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी नव्हे.

आता गल्ल्या. २०२२मध्ये तिथे मोटारी अडवायला खुंट्या आणि कुंड्या लागल्या, त्याने आतल्या रस्त्यांना शांतता मिळाली. पण कडेच्या काउली रोड, इफली रोडवर राहणाऱ्यांनी आणि बसने जाणाऱ्यांनी कोंडीची तक्रार केली, ती उडवून लावण्यासारखी नाही. गल्ल्या बंद करणाऱ्याने कडेच्या रस्त्यावरची बस आधी सोडवायला हवी, हे आमचं स्पष्ट मत आहे.

आक्षेप कधी घ्यायचा, हे त्यातलं कळीचं. असे बदल बहुधा प्रायोगिक वाहतूक आदेशाने होतात. तो जास्तीत जास्त १८ महिने चालतो आणि आक्षेपाची मुदत पहिल्या सहा महिन्यांची असते. सुरू झाल्यावर, अनुभवावरून लिहायचं असतं. कायम आदेशाला मात्र जाहिरात निघाल्यापासून २१ दिवसच. रस्त्याचं नाव, वार, वेळ, गाडी कोणत्या दिशेला जात होती, आणि काय बिघडलं, हे लिहा. ‘मंगळवारी सकाळी आठ ते नऊ, इफली रोड, शहराकडे, बसला तीन सिग्नल लागले’ अशा पत्राला अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. ‘हा सगळा पैशाचा खेळ आहे’ या पत्राला लागत नाही. शंभर जणांनी एकच मजकूर पाठवला, तर काउन्सिलच्या अहवालात तो मुद्दा एकदाच येतो. आदेशाला हायकोर्टात आव्हान द्यायचं असेल तर सहा आठवड्यांत.

हे सगळं महसुलासाठीच ना? रस्त्यावर गर्दी तर तेवढीच दिसते. (ईलिंग)

गर्दी तेवढीच दिसते, हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि युलेझ गर्दीसाठी नव्हतंच. लोकांनी गाड्या बदलल्या, गाडी चालवणं तेवढं सोडलं नाही. आज लंडनमध्ये दिसणाऱ्या ९६ टक्क्यांहून जास्त गाड्या नियमात बसतात, म्हणजे पैसे देणारे उरले थोडे. महसुलासाठी आखलेली योजना अशी स्वतःची कमाई आटवत नाही. हवेत फरक पडला : बाह्य लंडन आत घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या अहवालात लंडन महापालिकेने म्हटलं, की युलेझ नसतं तर रस्त्याकडेचा नायट्रोजन डायऑक्साइड जेवढा असता त्यापेक्षा २७ टक्के कमी आहे. ब्रेक आणि टायर झिजून उडणाऱ्या कणांना मात्र याचा उपाय नाही, ते विजेच्या गाडीचेही उडतात.

कोंडीचा धडा जुना आहे. १७ फेब्रुवारी २००३ला पाच पाउंडांनी कंजेशन चार्ज सुरू झाला, तेव्हा हद्दीत येणाऱ्या गाड्या घटल्या, खोळंबाही घटला. काही वर्षांत खोळंबा पूर्वीवर आला, गाड्या कमीच असूनही. पाइपलाइनची खोदाई वाढली होती आणि रस्त्याची रुंदी बस, सायकल, पादचाऱ्यांना दिली गेली होती. मैदान लहान केलं तर कमी खेळाडूही दाटीवाटीने उभे राहतात. नुसत्या शुल्काने रस्ता कायमचा मोकळा होईल, असं वचन देणाऱ्या पुढाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा : जागा कुणाला देणार?

मग पुण्यातही असंच लावायला काय हरकत आहे? (पुणे, कोथरूड)

तंत्राची हरकत फारशी नाही. ई-चलानचे कॅमेरे आहेत, गाडीची बीएस श्रेणी ‘वाहन’च्या नोंदीत आहे. रोग वेगळा आहे. ब्रिटिश झोन नायट्रोजन डायऑक्साइडची ४० मायक्रोग्रॅमची वार्षिक मर्यादा गाठण्यासाठी आखले गेले. पुण्याचा घोर धुळीचा आहे, आणि धुळीतला मोठा वाटा कडेच्या मातीचा, उघड्या खोदाईचा, बांधकामाचा. जुन्या दुचाकीला शुल्क लावून रस्त्याकडेची माती बसत नाही. भारतात उदाहरण हवं असेल तर दिल्लीचं घ्या : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे २०१५पासून आत शिरणाऱ्या ट्रककडून पर्यावरण भरपाई शुल्क घेतलं जातं. खासगी गाडीपेक्षा तिथून सुरुवात करणं सोपं.

आमचं मंडळ ४९ जणांची बस करून रीडिंगहून बाथला जाणार आहे. बाथमध्ये खासगी गाड्यांना पैसे नाहीत म्हणतात, मग बसला? (रीडिंग)

बाथ ‘क’ वर्गाचा झोन आहे, मोटारींना सोडतो, बसला सोडत नाही. युरो-६ नसलेल्या कोचला दिवसाला १०० पाउंड, मिनीबसला ९. बस ठरवतानाच ऑपरेटरला विचारा, ‘कोच युरो-६ आहे का, नसेल तर शुल्क भाड्यात धरलंय का’, आणि उत्तर ईमेलवर घ्या. ऐनवेळी दुसरी बस पाठवली तर काय, हेही त्यातच लिहून घ्या. सहल ग्लासगोला असेल तर आणखी जपून : तिथे पैसे भरून आत जाण्याची सोयच नाही. नियमात न बसणारी बस शिरली की थेट ६० पाउंड दंड, पुन्हा शिरली की दुप्पट, आणि असा वाढत बससाठी तो ९६० पाउंडांपर्यंत जातो.