विजेतेपदं मोजून झाल्यावर

प्रिय मित्रा,

मोटारसायकल शर्यतींतल्या विश्वविजेत्यांची तुझी यादी मिळाली. १५ विश्वविजेतेपदांचा जाकोमो अगोस्तिनी पहिला, १३ वाला आंखेल निएतो दुसरा, मग ९-९ वाल्यांची रांग. आकडे बरोबर आहेत आणि तू ते मन लावून जमवलेत. पण 'महान रायडर कोण' या वादात एवढ्याच भांडवलावर उतरलास तर पहिल्याच प्रश्नाला अडकशील: यातलं माणसाचं किती आणि गाडीचं किती?

अगोस्तिनीचंच घे. १९६७ च्या मोसमानंतर होंडा ग्रांप्रीतून, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या शर्यतींतून, बाहेर पडली आणि ५०० सीसी या सर्वांत मोठ्या गटात त्याच्या एमव्ही अगुस्ताला तोडीस तोड गाडी उरली नाही. १९६८ मध्ये त्याने त्या गटातली प्रत्येक शर्यत जिंकली. मला मात्र खरा अगोस्तिनी दिसतो तो १९७४ पासूनचा. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांवर नाव कमावलेला हा माणूस तिशी ओलांडल्यावर यामाहाच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीवर बसला, त्याच वर्षी अमेरिकेतली डेटोना २०० ही शर्यत जिंकला आणि १९७५ मध्ये ५०० सीसीचं विजेतेपद घेऊन आला. टू-स्ट्रोक गाडीने त्या गटात मिळवलेलं ते पहिलंच. टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल (वेगाची मूठ) बंद केल्यावर इंजिन फारसं अडवत नाही आणि ताकद येते ती एका अरुंद पट्ट्यात, एकदम. म्हणजे वळणात शिरायची आणि त्यातून बाहेर पडायची, दोन्ही सवयी मोडून नव्या बसवायच्या. त्या एका वर्षाचं वजन माझ्या लेखी १९६८ पेक्षा जास्त आहे.

माझी कसोटी ही अशी आहे. गाडी मनासारखी नसते तेव्हा रायडर काय करतो, ते बघ.

केसी स्टोनरने २००७ मध्ये डुकाटीवर १० शर्यती जिंकल्या, ३६७ गुण केले. त्याच संघात, तशाच गाडीवर लॉरिस कॅपिरोसीला १६६ गुण मिळाले आणि एकच विजय. आणि कॅपिरोसी काही नवखा नव्हता. सरळ पट्ट्यात डुकाटी सगळ्यांहून वेगवान होती हे खरंच, पण ती वेगवान होती ती दोघांसाठीही. पुढे २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षं तुझ्या ९ वाल्यांतला खुद्द व्हॅलेंटिनो रॉसी डुकाटीवर होता; त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही.

लगेच रॉसीला खाली ढकलू नकोस. २००४ मध्ये हाच रॉसी विजेती होंडा सोडून यामाहाकडे गेला होता. यामाहाचं मोठ्या गटातलं शेवटचं विजेतेपद १९९२ चं, वेन रेनीचं. आदल्या वर्षभरात त्यांना एक शर्यत जिंकता आली नव्हती. रॉसीने मोसमाची पहिलीच शर्यत, दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची, मॅक्स बियाजीच्या होंडाला शेवटच्या लॅपपर्यंत झुंजवून जिंकली आणि वर्षअखेर विजेतेपदही. तो एकटा गेला नव्हता. जेरेमी बर्जेस हा त्याचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा प्रमुख, आणि जुन्या मेकॅनिकपैकी बरेच जण त्याच्याबरोबर गेले. काही जण याच मुद्द्यावर त्याचं श्रेय कापतात. मला ते पटत नाही. पिटमध्ये, म्हणजे मेकॅनिकांकडे, परत आल्यावर 'पुढचं चाक घसरतं' एवढं कुणीही सांगेल. ते ब्रेक धरलेला असताना घसरतं, ब्रेक सोडताना, की ब्रेक सुटल्यावर आणि थ्रॉटल उघडण्याआधीच्या त्या निसटत्या क्षणी, हे सांगता येणं हे रायडरचं काम आहे. तिन्हींचे इलाज वेगळे. चुकीचं सांगितलं तर अख्खी टोळी रात्रभर चुकीच्या जागी स्पॅनर फिरवत बसते.

तर मग स्टोनर मोठा की रॉसी? नीट न जुळलेल्या गाडीवरही आहे तशी जोरात जाण्याची देणगी स्टोनरची, गाडी आपल्याला हवी तशी घडवून घेण्याची रॉसीची. मला स्वतःला पहिली अधिक दुर्मीळ वाटते. तू दुसऱ्या बाजूने भांडलास तर आनंदाने ऐकेन.

धाडसाबद्दल मात्र सावध राहा. मोडक्या हाडांनी शर्यत काढलेल्यांच्या गोष्टी सांगून हा वाद जिंकल्याचा आव आणणारे खूप भेटतील. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनला खोर्खे लोरेंझोचं गळपट्टीचं हाड गुरुवारी मोडलं, तो बार्सिलोनाला जाऊन शस्त्रक्रिया करून आला आणि शनिवारी पाचवा आला. थक्क व्हायला होतं. पण पुढच्याच, जर्मनीतल्या झाक्सेनरिंगच्या फेरीत तो पुन्हा पडला आणि हाडाला बसवलेली धातूची पट्टी वाकली. मार्क मार्केझने २०२० मध्ये हात मोडल्यावर आठवड्याच्या आत गाडीवर बसण्याचा प्रयत्न केला. त्या हाताच्या पुढे एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. वेदना सोसणं ही या खेळात जवळजवळ सगळ्यांकडे असलेली गोष्ट आहे, तिने कुणी वेगळा ठरत नाही. मिक डूहान वेगळा ठरतो तो दुसऱ्या कारणाने. १९९२ मध्ये आसेनला त्याचा उजवा पाय जवळजवळ गेलाच होता. त्या पायाने मागचा ब्रेक दाबणं जमेना, म्हणून त्याने तो हाताच्या डाव्या अंगठ्याने दाबायचा करून घेतला आणि १९९४ पासून सलग ५ विजेतेपदं जिंकली. दुखणं सोसून नव्हे, गाडी चालवणं नव्याने शिकून.

मार्केझचंही मोठेपण मी तसंच शोधतो. गाडी ६० अंशांहून जास्त कललेली, पुढचं चाक सुटलेलं. अशा वेळी तो घाबरून थ्रॉटल झटकन बंद करत नाही, गुडघा आणि कोपर जमिनीत रेटतो आणि टायरला पुन्हा पकड मिळेपर्यंत गाडी तोलून धरतो. लोक याला नशीब म्हणतात. २०१७ च्या मोसमात तो सरावासकट २७ वेळा पडला आणि विश्वविजेताही झाला. टायरची हद्द कुठे आहे हे तो सरावातच पडून पाहून घेत होता. आणि होंडाचा करार अर्धवट सोडून तो २०२४ मध्ये आदल्या वर्षीची डुकाटी चालवणाऱ्या छोट्या संघात गेला, तिथून डुकाटीच्या मुख्य संघात येऊन २०२५ मध्ये पुन्हा विजेता झाला. त्यातली २०२४ ची शर्यत न् शर्यत पाहा.

आणि पाहताना आघाडीवरच्या कॅमेऱ्यातच अडकू नकोस. शेवटच्या पाच लॅपच्या वेळा काढ, एकाच संघाच्या दोन्ही रायडरच्या, शेजारी शेजारी. मागचा टायर संपत आला की कुणाच्या वेळा ढासळतात आणि कुणाच्या दशांशाच्या आत राहतात ते लिहून ठेव. दानी पेड्रोसाने मोठ्या गटात ३१ शर्यती जिंकल्या आणि विजेतेपद एकदाही नाही. तुझ्या यादीत त्याचं नावच नाही. सुरुवात त्याच्या शर्यतींपासून कर.

तुझा,
काका