वीज, क्रेन आणि झाडतोड : वाचकांचे प्रश्न

आभाळ भरून येऊ लागलं की क्रेनने झाडं उतरवणाऱ्यांच्या त्याच त्या शंका येतात.

प्रश्न : क्रेनला रबरी टायर असतात. मग विजेची भीती कशाला?
काम करताना क्रेन टायरवर नव्हे, आउटरिगरच्या पोलादी पायांवर उभी असते. शिवाय कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेली वीज वीतभर रबराला जुमानेल होय? बंद केबिनमधला ऑपरेटर वाचतो तो भोवतीच्या धातूच्या सांगाड्यामुळे.

प्रश्न : पाऊस सुरू झाल्यावर थांबलं तर चालेल का?
नाही. वीज पावसाच्या दहा किलोमीटर पुढेही पडते.

प्रश्न : मग नेमकं कधी थांबायचं?
वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा कमी लागले, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा माणसं आडोशाला पोहोचलेली हवीत. लोक इथेच घोळ घालतात आणि तेव्हा कुठे आवराआवर सुरू करतात! शेंड्यावर दोरात बांधलेला माणूस, हुकला लटकलेला ओंडका, वर गेलेलं बूम (क्रेनचा लांब हात), हे सगळं खाली यायला तुमच्या टोळीला किती मिनिटं लागतात? एकदा घड्याळ लावून बघा आणि तेवढं आधी थांबा. करवत आणि इंजिनाच्या आवाजात, त्यात कानांवर मफ, गडगडाट ऐकू येतच नाही. म्हणून आभाळावर नजर ठेवायला एक माणूस बाजूला उभा करा आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्यालाच द्या. ‘एवढी एक फांदी उरकून घेऊ’ हे ऐकून घेऊ नका. ढग दाटत असताना मोठा काप घेऊच नका, अर्धवट कापलेला बुंधा सोडून पळता येत नाही. वादळाने गाठलंच, तर आधी माणसं, मग यंत्र. बूम कसं ठेवायचं हे निर्मात्याच्या पुस्तिकेत बघून आधीच ठरवा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. मध्ये पुन्हा ऐकू आला, तर मोजणी पहिल्यापासून.

प्रश्न : बूमच्या टोकाला लावलं की वीज पडतच नाही, असं उपकरण विक्रेता देतो आहे. घेऊ का?
पैसे वाचवा. वीज पडूच नये असा बंदोबस्त करणाऱ्या उपकरणांच्या दाव्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. अर्थिंगनेही शेजारी उभा असलेला माणूस सुरक्षित होत नाही. प्रवाह जमिनीतून पसरतो आणि दोन पावलांमधल्या विद्युतदाबाच्या फरकानेही जीव जाऊ शकतो. बूमला काहीही जोडण्याआधी क्रेनच्या निर्मात्याला लेखी विचारा.

प्रश्न : वीज पडलेल्या माणसाला हात लावावा का?
लावा, लगेच. अंगात वीज साठून राहत नाही. रुग्णवाहिका बोलवा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : क्रेनवर वीज पडली, पण ती व्यवस्थित सुरू होते आहे. काम चालू ठेवू का?
नको. वायर रोप, फिरत्या भागांचे बेअरिंग, भार दाखवणारी यंत्रणा, कशालाही इजा झालेली असू शकते आणि ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. जाणकार तपासनीस बोलवा. त्याची लेखी परवानगी येईपर्यंत हुकला काही अडकवू नका.