घर दिलं की झालं का?

प्रश्न: सरकार घरं बांधायला पैसे देतंच, मग बेघर आणि दिव्यांगांसाठी परत वेगळा निधी कशाला?

उत्तर: अहो, बांधकाम हा एकदाचा खर्च, पण मदतनीस, थेरपी, भाड्याला हातभार हे दरवर्षी लागतं आणि बजेटमध्ये कात्री बऱ्याचदा तिथेच लागते (फीत कापून फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं ना!). फिनलंडने २००८ पासून व्यसन सुटायची अट न घालता आधी कायमचं घर द्यायला घेतलं, पण सोबत सपोर्ट स्टाफही दिला, म्हणून तिथे बेघर लोक बरेच कमी झाले. दिव्यांगांचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम १९ सांगतं की कुठे नि कोणासोबत राहायचं ते त्यांनीच ठरवायचं, आता मदतनीसच नसेल तर नुसती चावी देऊन काय, माणूस परत दिव्यांगांच्या निवासी संस्थेतच जाणार.